बारा फूट हिरवं : एका बागचित्राचं प्रकरण

नवव्या आठवड्याच्या शेवटी तीनही कॅनव्हास मी स्टुडिओतून बाहेर काढले, मोकळ्या आवारात भिंतीला टेकवून एकाला एक लावून उभे केले आणि टेपने मोजून पंधरा फूट मागे गेले. वळून पाहिलं. समोर बाग नव्हती, हिरवा गालिचा होता. पुन्हा जवळ गेले तर पानन् पान ओळखू येत होतं: ही कर्दळ, हा नेचा, ही केळीच्या कोवळ्या पानाची सुरळी. मागे आले की सगळं पुन्हा सपाट. सोबत आलेला चित्रकार मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पानं एकूण एक बरोबर आहेत गं. पण आत शिरायला कुठून जागाच नाही."

दोन महिन्यांहून जास्त काळ रोज सहा-सात तास उभं राहून केलेलं काम होतं ते. रेखाटन पक्कं होतं, रंग जातीचे होते, मेहनतीत कसूर नव्हती. तरीही चित्र झालं नव्हतं. पुढच्या तीन महिन्यांत ते कसं सावरलं आणि कुठे सावरलं नाही, ते इथे सगळं मांडते आहे. मोठ्या आकारात दाट झाडी वास्तववादी पद्धतीने रंगवणारे बरेच जण याच जागी येऊन अडकतात आणि मग दोष शोधत बसतात ते नेमके नको त्या ठिकाणी.

भिंत आणि तिची दोन अंतरं

चित्र एका वाचनालयाच्या लांब भिंतीसाठी होतं. बारा फूट रुंद, सहा फूट उंच. ने-आण करता यावी म्हणून चार बाय सहाचे तीन उभे कॅनव्हास. विषय मी निवडलेला: एका जुन्या बागेचा कोपरा. मागे बांबूचं बेट, मध्ये केळी, पुढे कर्दळ, आणि डाव्या हाताला ओल्या दगडी भिंतीच्या कडेने नेच्यांची दाटी. आभाळ म्हणजे बांबूच्या शेंड्यांतून दिसणारे तीन तुकडे, तेवढंच. वाट नाही, बाक नाही, माणूस नाही. वेळ सकाळी साडेआठ ते दहा, ऊन झाडांच्या मागून येणारं.

असा विषय घेतला की निसर्गचित्राचे नेहमीचे आधार हातातून जातात. उघड्या माळाच्या चित्रात क्षितिज असतं, लांब जाणारा रस्ता असतो, दूरचे डोंगर फिके निळे होत जातात. नजरेला खोली आपसूक मिळते. पानांच्या भिंतीसमोर पुढचं पान आणि मागचं पान यांत जेमतेम पाच-दहा फुटांचं अंतर. हवेमुळे रंग फिका पडावा इतकं ते अंतरच नाही. इथे खोली मिळवायची ती फक्त उजेड-अंधारातून आणि कडांमधून.

भिंत पाहायला गेले तेव्हा एक गोष्ट वहीत टिपली होती. भिंतीसमोर वाचनाची मोठी टेबलं आहेत. बसलेला वाचक चित्रापासून पंधरा ते वीस फुटांवर असतो आणि टेबलांमुळे त्याला पुढे येता येत नाही. फक्त डाव्या टोकाला दारातून आत येणारी वाट आहे; तिथून जाणारा माणूस चित्राच्या तीन फुटांवरून जातो. म्हणजे एकाच चित्राकडे दोन अगदी वेगवेगळ्या अंतरांवरून पाहिलं जाणार होतं. छोटा नकाशाही काढला होता. काम सुरू झाल्यावर वहीचं ते पान मी नऊ आठवडे उघडलंच नाही.

चौकोनांची पद्धत

बागेत बसून आठ बाय दहा इंचांच्या अकरा स्टडी, म्हणजे तयारीची छोटी चित्रं केली, तैलरंगातच. फोनवर दोनशेच्या आसपास फोटो काढले. फोटो जोडून एक मोठं संदर्भचित्र तयार केलं आणि त्यावर सहा इंची चौकोनांची जाळी टाकली. बारा बाय सहा फुटांत असे 288 चौकोन बसतात. जाळी कॅनव्हासवर उतरवली, कोळशाने रेखाटन केलं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एकेक चौकोन पूर्ण करत निघाले. दिवसाला तीन-चार चौकोन. नवव्या आठवड्यात एकशे नव्वदच्या जवळ आले होते.

कोपऱ्यातून सुरुवात करून पलीकडच्या कोपऱ्यात संपवणं ही मुळात वाईट पद्धत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्याची जंगलं रंगवणारा नील वेलिव्हर (1929–2005) आठ-आठ फुटी कॅनव्हास वरच्या डाव्या कोपऱ्यात सुरू करायचा आणि ओल्या रंगात ओला रंग लावत खालच्या उजव्या कोपऱ्यात संपवायचा. पण त्याआधी तो जंगलात जाऊन लहान स्टडी करायचा, मग चित्राच्या पूर्ण मापाचं रेखाटन करायचा आणि त्याच्या रेषांवर भोकं पाडून, त्यांतून कोळशाची भुकटी थापटून ते कॅनव्हासवर उतरवायचा. पॅलेटवर रंग फक्त आठ. पहिला फटकारा मारताना शेवटचा फटकारा किती गडद लागणार आहे याचा अंदाज पक्का असल्याशिवाय असं काम करताच येणार नाही. मी त्याच्या पद्धतीतला शेवटचा टप्पा तेवढा उचलला होता.

त्यात जागेची अडचण. स्टुडिओ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अकरा फूट. रंगांचं टेबल आणि शिडी सोडली की मागे सरकायला सात-आठ फूट उरायचे. एका वेळी दोनच कॅनव्हास समोर मावत, तिसरा भिंतीकडे तोंड करून उभा. जे चित्र पंधरा फुटांवरून पाहिलं जाणार होतं, ते मी नऊ आठवडे हातभर अंतरावरून पाहत होते.

ही अडचण जुनी आहे. फ्रेंच चित्रकार मोनेने 1866 मध्ये बागेतल्या स्त्रियांचं अडीच मीटर उंचीचं चित्र उघड्यावर करायला घेतलं, तेव्हा वरचा भाग रंगवताना नजरेची पातळी बदलू नये म्हणून त्याने जमिनीत चर खणला आणि कॅनव्हास कप्पीने खाली सोडायची सोय केली. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीने 2007 मध्ये पानं फुटायच्या आधीच्या झाडांचं साडेचार मीटर बाय बारा मीटरचं चित्र 50 कॅनव्हास जोडून केलं. सगळे एकत्र लावून पाहायला जागा नव्हती, म्हणून तो प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून संगणकावर जोडून पूर्ण चित्र बघायचा. दोघांनीही अडचण आधी ओळखली आणि मगच ब्रश उचलला.

दोन वाया गेलेले आठवडे

गालिचा दिसल्यावर मी आधी जे केलं ते सांगणं भाग आहे, कारण अशा वेळी हात नेमका तिकडेच जातो. चित्र सपाट आहे ना, मग चमक वाढवू, असं वाटलं. टिटॅनियम व्हाइटमध्ये थोडा हिरवा घालून पुढच्या पानांवर हायलाइट, म्हणजे चमकेचे उजळ फटकारे, वाढवले. सगळी झाडी पाऊस पडून गेल्यासारखी लकाकायला लागली आणि आणखी पुढे येऊन एका रांगेत उभी राहिली. मग मागचा बांबू मागे ढकलायला त्यावर गडद ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, दिला. ग्लेझने काळोख आला नाही, मळकटपणा आला. आधीचे उजळ ठिपके आणि आधीचे गडद ठिपके दोन्ही सारखेच खाली उतरले. त्यांच्यातलं नातं होतं तसंच राहिलं.

तेव्हा थांबले. ब्रश धुऊन ठेवले.

करडेपणा आला कुठून

तिन्ही कॅनव्हासचा पंधरा फुटांवरून काढलेला फोटो कृष्णधवल करून पाहिला. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दहा पायऱ्या धरल्या तर जवळजवळ सगळं चित्र चौथ्या ते सहाव्या पायरीत कोंबलेलं होतं. रंगीत चित्रात पिवळट हिरवा, निळसर हिरवा, तपकिरी हिरवा असा फरक दिसत होता, म्हणून ते इतके दिवस लपून राहिलं. रंग काढून नुसता उजळपणा पाहिला तर सगळे एकच.

पण प्रत्येक चौकोन रंगवताना मी काळ्याजवळचा गडद आणि पांढऱ्याजवळचा उजळ दोन्ही वापरले होते. मग ते गेले कुठे?

याचं उत्तर डोळ्यात आहे. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन वेगळा ओळखता येतो. पंधरा फुटांवर त्या कोनात सुमारे 1.3 मिलिमीटर मावतात. त्याहून बारीक काही असेल तर डोळा ते वेगळं पाहत नाही, शेजारच्याशी मिसळून टाकतो. मी केळीच्या गडद पानावर अर्ध्या मिलिमीटरच्या उजळ शिरा ओढल्या होत्या, एकेका पानावर पन्नास-साठ. नेच्याच्या प्रत्येक पर्णिकेला उजळ कड दिली होती. हातभर अंतरावर ते फार सुंदर दिसत होतं, आजही दिसतं. पंधरा फुटांवर त्या शिरा नाहीशा होत होत्या, पण त्यांचा उजेड नाहीसा होत नव्हता. तो पानाच्या गडदपणात मिसळून पान मधल्या पायरीवर आणून ठेवत होता. उजळ पानांवरच्या बारीक गडद रेषा उलट बाजूने तेच करत होत्या. म्हणजे मी जितकं नाजूक काम करत गेले तितकी झाडी करडी होत गेली. मला हे आधी कळायला हवं होतं, कारण छपाईतले ठिपके याच तत्त्वावर चालतात.

जर्मन चित्रकार ड्यूररने 1503 मध्ये गवताचा एक तुकडा जलरंगात केला, पात्यागणिक. त्याचं माप सुमारे 40 बाय 31 सेंटिमीटर. तो कागद जवळून पाहायचा आहे आणि त्यातलं प्रत्येक पातं डोळ्याला पोचतं. तीच निष्ठा बारा फुटांवर पसरली की ती प्रेक्षकापर्यंत पोचतच नाही.

दुसरं कारण जाळी. प्रत्येक चौकोन मी एक पूर्ण चित्र म्हणून सोडवत होते. त्यातलं सगळ्यात उजळ पान शोधायचं, सगळ्यात गडद फट शोधायची, मधलं भरायचं. बांबूच्या बुडाशी अंधारात बुडालेल्या चौकोनातही एक "सगळ्यात उजळ" पान असतंच, आणि मी त्याला उन्हातल्या पानाइतकं उजळ करून टाकत होते. भिंतीवर एका बागेऐवजी सुमारे एकशे नव्वद छोट्या बागा जमल्या होत्या, प्रत्येकीचा सूर्य वेगळा.

तिसरं कारण फोनचे फोटो. आजचा फोन आपणहून सावल्या उजळतो आणि चमक दाबतो, म्हणजे फोटोत सगळं नीट दिसावं. दाट झाडीत सगळं नीट दिसत नसतं, हेच तर तिचं रूप आहे. शिवाय फोटोत पुढचं पान आणि दहा फूट मागचं पान सारखंच रेखीव येतं. डोळा मात्र एका वेळी एकाच ठिकाणी रेखीव पाहतो.

तीन सकाळी, ब्रशशिवाय

बागेत परत गेले, हातात काही न घेता. पहिल्या दिवशी माळीदादांनी विचारलं, "ताई, आज रंग नाही आणले?" म्हटलं, आज मोजायला आलेय. आणि खरंच मोजत होते: डोळे बारीक करून, ऊन खरोखर कुठे कुठे लागतंय ते. नऊ वाजता त्या संपूर्ण कोपऱ्यात उन्हाच्या फक्त चार जागा होत्या. केळीच्या दोन पानांचा वरचा भाग, कर्दळीचा एक झुबका, आणि नेच्यांवर पडलेला हातभर कवडसा. बाकी सगळी सावली. माझ्या कॅनव्हासवर मी ऊन किमान सत्तर ठिकाणी टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन बंद करून त्याच्या काळ्या काचेत बागेचं प्रतिबिंब पाहिलं. अठराव्या शतकात निसर्गचित्रकार काळी, किंचित फुगीर काच घेऊन फिरायचे. देखाव्याकडे पाठ करून त्यात पाहायचे. तिला क्लोद लॉरेन या चित्रकाराचं नाव मिळालं होतं. काळ्या काचेत उजेड कमी होतो, बारीकसारीक फरक बुडतात आणि उजेड-अंधाराचे मोठे आकार तेवढे तरंगून वर येतात. बंद फोन तेच काम करतो. त्या काचेत मला बागेचे पाच मोठे आकार दिसले, फक्त पाच. काडेपेटीएवढ्या चौकटी आखून त्यात तीनच टोनमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराच्या तीनच पायऱ्यांत, ते उतरवले. अशी चौदा चित्रं काढली. नवव्यात बाग सापडली.

तिसरी सकाळ एका पानात गेली. मधल्या आठवड्यात वारा सुटला होता आणि माझ्या स्टडीतलं केळीचं अखंड पान आता सात-आठ ठिकाणी फाटलं होतं. केळीचं पान मधल्या शिरेपासून कडेकडे जाणाऱ्या आडव्या शिरांच्या रेघेत फाटतं, म्हणून चिरा सरळ आणि समांतर पडतात. ऊन मागून येत होतं. पानाचा जो भाग माझ्या आणि सूर्याच्या मध्ये होता तो आतून पेटल्यासारखा पिवळा-हिरवा, सगळ्या बागेतला सगळ्यात तेजस्वी रंग. त्याच पानाचा वळून आडवा झालेला भाग आभाळाखाली आला होता. तिथे हिरवं जवळजवळ नव्हतंच, राखाडी-निळा लखलखाट होता. आणि वळणाखालची बाजू, जिथे ना ऊन ना आभाळ, ती शेजारच्या पानांवरून परतलेल्या उजेडात गडद, खोल हिरवी. चिरांच्या कडा वाळून तपकिरी झालेल्या, केसाएवढ्या, आणि प्रत्येक चिरेतून मागचा अंधार दिसत होता.

एका पानात तीन हिरवे, आणि तिघांची कारणं वेगळी. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा उजेड शोषतं. जो उजेड पानातून आरपार येतो तो गाळून आलेला असतो, म्हणून इतका शुद्ध पिवळा-हिरवा. वरच्या मेणचट थरावरून उसळणारा उजेड पानाच्या आत शिरतच नाही, म्हणून तो पानाचा रंग घेत नाही, आभाळाचा घेतो. मी मात्र सगळे हायलाइट पांढऱ्यात हिरवा मिसळून केले होते. पान चकचकीत दिसण्याऐवजी खडूने घासल्यासारखं का दिसतं, याचं उत्तर तिथे मिळालं.

फाटलेलं पान चित्रात घ्यायचं ठरवलं. अखंड पान मोठा पडदा होऊन मागचं अडवत होतं. चिरांमुळे नजरेला मागे जायला जागा मिळत होती.

पुन्हा रंगवताना

कॅनव्हास टाकून नव्याने सुरुवात करावी असं दोनदा मनात आलं. पण खालचं रेखाटन चांगलं होतं. रंगाचे उंचवटे ओल्या सँडपेपरने घासून सपाट केले. मास्क लावून आणि पाणी वापरूनच, कारण कॅडमियमच्या रंगांची कोरडी धूळ श्वासात जाणं घातक आहे. खालच्या थरात मी तेल बऱ्यापैकी वापरलं होतं, त्यामुळे वरच्या थरात ते त्याहून कमी चालणार नव्हतं. खाली तेलकट आणि वर रुक्ष थर दिला की पुढे तडे जातात.

मग तीन इंची ब्रश घेतला आणि अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या गडद मिश्रणाने पाचपैकी तीन मोठे आकार भरून टाकले. सव्वा महिन्याचं काम एका दुपारी त्याखाली गेलं. त्या दुपारी हात थरथरत होता, हे खरं. संध्याकाळी मागे सरकून पाहिलं तेव्हा एकही पान नसलेल्या त्या कॅनव्हासवर पहिल्यांदा बाग उभी होती.

ट्यूबमधला तयार हिरवा महिनाभर बाजूला ठेवला. आधी प्रत्येक मिश्रणात तोच पायाला होता, म्हणून सगळी झाडी एका घराण्याची वाटत होती. आता लेमन येलो, कॅडमियम येलो, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, कॅडमियम रेड, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा. काळ्यात लेमन येलो घातला की शेवाळी हिरवा मिळतो, मागच्या झाडीसाठी तो फार कामाचा. कॅडमियम रेडचा कण भडक हिरव्याला जमिनीवर आणतो. नंतर व्हिरिडियन हा निळसर हिरवा परत घेतला, पण फक्त कर्दळीवरच्या थंड चमकेसाठी. इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलचा हिरवा इतरांहून सरस का, तर तो अनेक वेगवेगळ्या हिरव्यांचा बनलेला असतो, असं फ्रेंच चित्रकार दलाक्र्वाने नोंदवून ठेवलं आहे. ते वाचून पाठ होतं. हाताला आत्ता कळलं.

रंग निवडताना उजेडात टिकणारेच घेतले. जुन्या डच फुलांच्या चित्रांत आज कितीतरी पानं निळी दिसतात, कारण निळ्यावर दिलेला वनस्पतिजन्य पिवळा उडून गेला. खिडक्यांच्या वाचनालयात ती जोखीम घ्यायची नव्हती.

पंधरा फुटांचा प्रश्न आरशाने सोडवला. समोरच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचा आरसा लावला. कॅनव्हासजवळ उभं राहून वळलं की आरशात चित्र सुमारे वीस फुटांवर दिसतं, शिवाय डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे सवयीने न दिसणारी चूकही दिसते. दर वीस मिनिटांनी वळायचं, असा नियम केला. जो फटकारा आरशात दिसत नाही तो पुसायचा.

मागची झाडी सोपी करायला धीर आला तो एका फार जुन्या भिंतीमुळे. रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे रोमन सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या वाड्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका खोलीच्या चारही भिंतींवर बाग रंगवली आहे. 1863 मध्ये ती सापडली आणि आता रोममधल्या पालात्सो मास्सिमो संग्रहालयात आहे. त्यात पुढची झाडं ओळखू येतात, डाळिंबं, पक्षी वेगळे काढता येतात. मागची दाटी मात्र निळसर हिरव्या धुक्यात विरघळवून टाकली आहे. त्या चित्रकारांना माहीत होतं की मागच्या पानाला नाव नसतं.

कॉन्स्टेबलकडून दुसरी गोष्ट घेतली. 1819 पासूनच्या त्याच्या सहा फुटी चित्रांसाठी तो आधी त्याच मापाचं कच्चं तैलचित्र करायचा, पानाफुलांत न अडकता. 'द हे वेन' (1821) लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि त्याचं पूर्ण मापाचं कच्चं चित्र व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. मी वेगळा कॅनव्हास केला नाही. माझा गडद थर हेच माझं कच्चं चित्र ठरलं आणि त्यावरच पुढे गेले.

आणि वहीचं ते पान उघडलं. डावा कॅनव्हास, खालचा भाग, दाराच्या वाटेजवळचा. तिथे तीन फुटांवरून पाहणार होते, म्हणजे पाव मिलिमीटरही दिसणार होता. सगळं बारीक काम तिथे नेलं. जेमतेम सात चौरस फुटांत, पूर्ण चित्राच्या दहाव्या हिश्श्यात. नेच्याची पर्णिका उलटी वळते तिथे तिच्या पाठीवरचे बीजाणूंचे तपकिरी ठिपके, दगडाच्या सांध्यातला ओला काळोख, एका पानावर सुकून राहिलेली थेंबाची खूण. तिथून उजवीकडे जाताना कडा हळूहळू सैल होत जातात. मधल्या कॅनव्हासवर केळीचं पान आहे पण शिरा नाहीत, फक्त चिरा. उजव्या कॅनव्हासवर बांबूची पानं म्हणजे दीड इंची ब्रशचे तिरके फटकारे. जवळून ती पानं वाटतही नाहीत.

सर्वांत जास्त वेळ फटींनी घेतला. पानांमधून दिसणारा अंधार एकसारखा नसतो. जमिनीलगत तो तपकिरी, उबदार असतो, वर जाईल तसा निळा. प्रत्येक फटीचा रंग आधी लावायचा आणि मग तिच्या कडेने पान कापत आणायचं, असं उलट्या क्रमाने काम केलं. पान आधी काढून भोवती काळं भरलं की ते कागदातून कापून चिकटवल्यासारखं दिसतं. फट आधी असली की पान तिच्यातून बाहेर येतं.

उन्हाच्या चार जागा अगदी शेवटी केल्या, दोन दिवसांत. पांढरा रंग आणि काळा रंग यांच्या उजेडातलं अंतर साधारण तीसेक पटींचं असतं. खऱ्या बागेत ते शेकडो पट असतं. त्यामुळे पॅलेटवरचा सगळ्यात उजळ रंग जपून, मोजून खर्चावा लागतो. केळीच्या पेटलेल्या भागात पांढरा घातलाच नाही, नुसता लेमन येलो आणि किंचित निळा. भोवतीचं सगळं खाली असल्यामुळे तो पुरला.

भिंतीवर

चित्र लागून आता काही महिने झाले. टेबलाशी बसून मान वर केली की नजर चिरांमधून मागे, बांबूच्या बुडापर्यंत जाते. मी स्वतः एक अख्खी दुपार तिथे बसून हे तपासलं. दारातून येणारे लोक नेच्यांपाशी थांबतात. काहीजण वाकून पाहतात, मग चार पावलं पुढे गेल्यावर मागे वळतात. मित्र आला होता. तो टेबलाशी बसला, मग दाराशी गेला, परत येऊन बसला. म्हणाला, "आता जाता येतंय आत."

दोन गोष्टी राहिल्या आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या कॅनव्हासच्या सांध्यावर केळीचा देठ ओलांडून जातो, तिथे दोन बाजूंचा टोन जुळलेला नाही. स्टुडिओत ते दोन कॅनव्हास शेजारी होते तेव्हा मी तो देठ रंगवला नव्हता, आणि रंगवला तेव्हा मध्ये शिडी होती.

दुसरी जास्त टोचते. वाचनालयातले दिवे पिवळसर आहेत. माझ्या स्टुडिओत उत्तरेकडचा दिवसाचा उजेड. पिवळ्या दिव्याखाली बाकी बाग छान ऊबदार होते, पण उजव्या वरच्या कोपऱ्यातला बांबू, जिथे मी अल्ट्रामरीन जास्त वापरला, तो मेल्यासारखा राखाडी दिसतो. परवा ढगाळ सकाळी दिवे लावायच्या आधी गेले होते. खिडक्यांच्या उजेडात तोच कोपरा अगदी जिथे असायला हवा तिथे होता, मागे, गार, शांत. मग कुणीतरी दिवे लावले. पुढच्या खेपेला रंगांचा डबा घेऊन जाणार आहे. कॅनव्हास भिंतीवरून न काढता, त्याच दिव्यांखाली, शिडीवर उभं राहून तो कोपरा पुन्हा करायचा आहे.